उभी गाडी रेस घेते? पंप खोलण्याआधी एवढं बघा

मैत्रिणींनो, भाजी, दूध, पापड-लोणची बाजाराला न्यायला आपल्यातल्या काही गटांनी जुनी पिकअप घेतली आहे. जुनी गाडी म्हटली की बारीकसारीक कुरबुरी आल्याच. त्यातली एक नेहमीची म्हणजे गाडी उभी, ड्रायव्हरचा पाय एक्सलेटरवर नाही, तरी इंजिन घोंघावतंय. मग गॅरेजवाला सांगतो, "पंप काढावा लागेल." डिझेल पंपाचं काम म्हणजे हजारांत बिल, आणि ते बिल मंजूर करायचं आपण, मासिक बैठकीत. म्हणून हे समजून घ्या. गाडी चालवता येत नसली तरी हे समजतं.

आधी एक गोष्ट. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर काही गाड्या थोडा वेळ जास्त स्पीडने चालतात, तो बिघाड नाही. दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा, सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलला ठेवा, आणि मग ऐका. काटा असेल तर बहुतेक डिझेल पिकअपमध्ये तो ८००-९०० च्या आसपास असतो. लहान दोन सिलिंडरच्या इंजिनाचा जरा वर असतो. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. काटा नसेल तर कानाला कळतंच की. पहिला गिअर टाकून क्लच हळू सोडला की गाडी हिसका देऊन पुढे पळते, बाजारात माणसांच्या गर्दीत ते धोक्याचं. घाट उतरताना इंजिनाचा अडसर कमी पडतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. डिझेल जातं ते वेगळंच. दिवसाला अर्धा लिटर जादा गेलं तरी महिन्याच्या २५ फेऱ्यांत साडेबारा लिटर झालं. आजच्या भावाने गुणून बघा.

आता तपासणी. इंजिन बंद करूनच सुरुवात करायची.

पहिलं पायाखाली बघा. रबरी मॅट सरकून पेडलवर चढलेली असते, नाहीतर खाली माती-खडी साचलेली असते. हसू नका, यात वेळ आणि पैसा दोन्ही वाचतो. काही जुन्या गाड्यांना डॅशबोर्डखाली हाताने रेस धरून ठेवायचा खटका असतो, तो अर्धवट ओढलेला राहिला नाही ना, तेही बघा.

मग केबल. पेडलपासून इंजिनाच्या डिझेल पंपापर्यंत एक तार जाते आणि ती पंपावरची छोटी लिव्हर ओढते. पाय उचलला की स्प्रिंगच्या जोराने लिव्हर मागे येऊन एका स्क्रूला टेकली पाहिजे. एकीने पेडल दाबून सोडायचं आणि दुसरीने बॉनेट उघडून ती लिव्हर बघायची. छोटा हत्ती असेल तर इंजिन सीटखाली असतं, सीट उचलावी लागेल. लिव्हर स्क्रूला टेकत नाही, मध्ये फट राहते, असं दिसलं तर पंपाला दोष देऊ नका. पावसाळ्यात पाणी जाऊन केबल आतून गंजते, उन्हाळ्यात धुळीने जाम होते, कुठे वाकवून बांधलेली असते. कधी केबल इतकी ताणून बसवलेली असते की पाय काढला तरी ती लिव्हर ओढून धरते. तिला किंचित ढील हवीच.

खात्री करायची सोपी रीत अशी. इंजिन बंद असताना ड्रायव्हरकडून केबलचं टोक लिव्हरपासून सोडवून घ्या आणि मग गाडी चालू करा. स्पीड खाली आला तर दोष केबलमध्ये किंवा पेडलमध्ये आहे, पंपात नाही. नवी केबल ही पंपाच्या कामापुढे किरकोळ गोष्ट. इंजिन चालू असताना पदर, ओढणी, मोकळे केस, गळ्यातलं, काहीही पट्ट्याजवळ जाऊ देऊ नका. लांबून बघा.

केबल सोडवूनही स्पीड तसाच असेल तर लिव्हरची स्प्रिंग बघा. ती ढिली पडते, तुटते, आणि तिच्या जागी सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलेलंही सापडतं! रबर इंजिनाच्या गरमीने सैल होतं. योग्य मापाची स्प्रिंगच लावून घ्या.

स्प्रिंगही ठीक असेल तर राहिला तो टेकणीचा स्क्रू. इथे जरा थांबून विचार करा. हा स्क्रू आपोआप फारसा फिरत नाही, कोणीतरी फिरवतं. गाडी उभ्या-उभ्या बंद पडायची, म्हणून कोणीतरी स्क्रू पिळून रेस वाढवून दिली, असं फार वेळा होतं. खरं दुखणं असतं तुंबलेला डिझेल फिल्टर, नाहीतर पाइपातून डिझेलमध्ये शिरणारी हवा. म्हणून गाडीची वही काढा आणि रेस कधीपासून वाढली, त्याआधी कुठे काय काम झालं ते बघा. नुसता स्क्रू मागे फिरवला तर गाडी पुन्हा बंद पडायला लागेल. आधी फिल्टर, मग स्क्रू. तोही मिस्त्रीकडूनच, गरम इंजिनावर. एवढं सगळं करून फरक पडला नाही, तर मात्र पंपवाल्याकडे जायला हरकत नाही. बिलासोबत काढलेला जुना भाग परत मागा.

हे सगळं तारेच्या पेडलच्या जुन्या डिझेल गाडीचं झालं. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत तडकलेल्या रबरी नळीतून हवा खेचली जाते, किंवा थ्रॉटलमध्ये काजळी बसते. काही गाड्यांत रेडिएटरचं पाणी कमी झालं तरी इंजिन स्वतःला थंड समजून रेस धरतं. पाणी बघायचं ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, गरम झाकण उघडलं तर चेहरा भाजतो. बीएस-६ गाडीत कंप्युटर असतो, तिथे हात न घालता मशीन लावून तपासून घ्या.

दोन प्रसंग ड्रायव्हरदादाला नक्की सांगून ठेवा. चालत्या गाडीत रेस अडकली तर क्लच दाबायचा, ब्रेक लावायचा, गिअर काढून बाजूला थांबायचं आणि मगच चावी बंद करायची. धावत्या गाडीची चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. दुसरा प्रसंग क्वचित येतो पण भयंकर असतो. डिझेल इंजिनाचा स्पीड आपोआप चढतच जातो, दाट धूर निघतो आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. तेव्हा इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत असतं. ड्रायव्हर आत असेल तर हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून, सगळ्यात वरचा गिअर टाकून क्लच झटकन सोडायचा, इंजिन दबून बंद पडतं. बाकीच्यांनी बॉनेटजवळ न जाता लांब व्हायचं, आणि ती गाडी पुन्हा चालू न करता ओढूनच गॅरेजला न्यायची.