वाहन परतमागणी (सुकाणू दोषासंबंधी)

वाहन परतमागणी : विक्री होऊन रस्त्यावर आलेल्या वाहनांच्या एखाद्या प्रकारात किंवा विशिष्ट कालावधीत बनविलेल्या वाहनसमूहात सुरक्षिततेस बाधक असा दोष आढळल्यास, ती सर्व वाहने निर्मात्याने परत मागवून विनामूल्य दुरुस्त करणे, बदलून देणे किंवा त्यांची किंमत परत करणे, या कार्यवाहीस वाहन परतमागणी म्हणतात. व्यवहारात तिच्यासाठी ‘रिकॉल’ हा शब्द रूढ आहे. नेहमीच्या दुरुस्तीहून ती मूलतः भिन्न आहे. झिजेमुळे किंवा निगा न राखल्यामुळे उद्भवणारा बिघाड एका वाहनापुरता असतो व त्याची जबाबदारी मालकाची असते. उलट अभिकल्प, धातूची प्रत किंवा जुळणी यांतील दोष त्या समूहातील सर्वच वाहनांत संभवतो व त्याची जबाबदारी निर्मात्याकडे जाते. एखादा बिघाड या दोहोंपैकी कोणत्या सदरात मोडतो हे ठरविणे, हा या विषयाचा गाभा होय.

सुकाणू यंत्रणा व तिचे दोष : मालमोटार व बस यांतील सुकाणू चाक (स्टिअरिंग) फिरविले म्हणजे ती गती दांडा व त्यावरील सांधे यांमार्फत गिअरपेटीत जाते. तेथून ड्रॉप आर्म व ड्रॅग लिंक यांच्या द्वारे ती पुढील एका चाकाकडे पोचते आणि टाय रॉडमुळे दुसरे चाकही त्याबरोबर वळते. दोन्ही चाके आपापल्या किंग पिनभोवती फिरतात व जोडण्यांच्या ठिकाणी बॉल जॉइंट असतात. जड वाहनांत चालकाचे श्रम कमी करण्यासाठी तेलाच्या दाबाचे साहाय्य दिलेले असते. हे साहाय्य बंद पडल्यास सुकाणू अतिशय जड होते, परंतु चाकांशी असलेला दुवा कायम राहतो. एखादा सांधा सुटला किंवा टाय रॉड तुटला, तर मात्र तो दुवाच नाहीसा होतो. ब्रेकच्या बाबतीत दोन स्वतंत्र मंडले व शिवाय हातब्रेक अशी पर्यायी सोय असते. सुकाणूच्या यांत्रिक जोडणीस असा पर्याय सामान्यतः नसतो. त्यामुळे एखादा नट न आवळलेला राहिला, तरी संपूर्ण वाहन अनियंत्रित होऊ शकते.

सुकाणू चाकात मोकळीक (प्ले) वाढणे, गाडी एका बाजूस ओढली जाणे व वळताना आवाज येणे ही झिजेची लक्षणे होत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ अन्वये सुकाणू चाकातील मोकळीक ३० अंशांहून अधिक असता कामा नये, बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट व पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्यात. प्रवासी व मालवाहू वाहनांच्या योग्यता तपासणीत हे पाहिले जाते. परंतु धातूतील सूक्ष्म भेग किंवा सदोष उष्णता संस्करण अशा तपासणीत दिसत नाही. नवी गाडीही त्यामुळे निर्धोक ठरत नाही. परतमागणीची गरज येथेच उत्पन्न होते.

इतिहास : अमेरिकेत राल्फ नेडर यांच्या १९६५ मधील अन्‌सेफ ॲट एनी स्पीड या ग्रंथाने वाहनांच्या अभिकल्पातील दोषांकडे लोकांचे लक्ष वेधले व १९६६ मध्ये तेथे वाहन सुरक्षा कायदा संमत झाला. सदोष वाहनांविषयी मालकांना कळविण्याचे बंधन त्यामुळे निर्मात्यांवर आले. जड वाहनांच्या सुकाणू दोषाचे ठळक उदाहरण २०१६ मधील आहे. त्या वर्षी व्होल्व्हो कंपनीने उत्तर अमेरिकेतील सुमारे १६,००० मालमोटारी सुकाणू दांड्याच्या जोडणीतील दोषामुळे परत मागविल्या. दांडा पूर्वसूचनेशिवाय सुटण्याचा संभव असल्याने, दुरुस्ती होईपर्यंत या गाड्या रस्त्यावर आणू नयेत, असा इशारा देण्यात आला.

याच्या उलट उदाहरण जपानचे आहे. जानेवारी २००२ मध्ये योकोहामा येथे मित्सुबिशी बनावटीच्या मालमोटारीचे चाक निखळून एक स्त्री मृत्युमुखी पडली. मालकांनी निगा नीट न राखल्यामुळे चाकाच्या तुंब्याची झीज झाली, अशी निर्मात्याची भूमिका होती. मार्च २००४ मध्ये हा अभिकल्पाचाच दोष असल्याचे कबूल करण्यात आले व एक लाखाहून अधिक वाहने परत मागविली गेली. दोष सुकाणूचा नसला, तरी ‘निगा की निर्मिती’ या प्रश्नाचे चुकीचे उत्तर किती काळ टिकू शकते, हे त्यावरून दिसते.

भारतातील तरतुदी : भारतीय मोटार उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने २०१२ मध्ये ऐच्छिक परतमागणीची संहिता स्वीकारली. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम ११०-अ नुसार पर्यावरणास, चालकास, प्रवाशांस किंवा रस्त्यावरील इतरांस अपाय करू शकेल अशा दोषासाठी वाहने परत मागविण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला. तत्संबंधीचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपर्यंतची वाहने या नियमांच्या कक्षेत येतात. मालमोटारी व बस यांच्या बाबतीत वार्षिक विक्रीच्या ३ टक्के इतक्या तक्रारी आल्यास सक्तीच्या परतमागणीची प्रक्रिया सुरू होते. आदेशाने परतमागणी झाल्यास १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; निर्मात्याने दोष स्वतःहून कळविल्यास दंड होत नाही. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकी कंपनीने टाय रॉडमधील संभाव्य दोषामुळे एस-प्रेसो व ईको या प्रकारांची ८७,५९९ वाहने स्वतःहून परत मागविली. यांपैकी ईको ही उतारू व माल या दोन्ही वाहतुकींसाठी वापरली जाते.

वऱ्हाडातील परिस्थिती : अमरावती व अकोला ही शहरे पूर्वी क्रमांक ६ असलेल्या व आता क्रमांक ५३ असलेल्या राष्ट्रीय महामार्गावर आहेत. कापसाच्या गाठी व वरुड-मोर्शी भागातील संत्री यांची वाहतूक मुख्यतः मालमोटारींनी होते. जून २०२२ मध्ये या दोन शहरांदरम्यान ७५ किमी. डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्याचा विक्रम झाला. समृद्धी महामार्गही अमरावती जिल्ह्यातून गेला आहे. रस्ता सुधारला की वेग वाढतो आणि सुकाणू निकामी झाल्यावर वाहन सावरण्यास मिळणारा वेळ घटतो. परतवाडा-धारणी या मेळघाटातील वळणावळणाच्या रस्त्यावर वेग कमी असला, तरी सुकाणूवरील ताण सतत असतो व चुकीला वाव नसतो.

परतमागणीचा लाभ सर्वांस सारखा पोचत नाही. राज्य परिवहन महामंडळाकडे एकाच बनावटीच्या अनेक बस, स्वतःच्या कार्यशाळा व प्रत्येक गाडीच्या नोंदी असतात. त्यामुळे एकच भाग वारंवार तुटत असल्यास ते लक्षात येऊ शकते. एकाच मालमोटारीच्या मालकास तसे साधन नसते. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेल्यावर निर्मात्याची सूचना मूळ खरेदीदाराच्या पत्त्यावर जाण्याचा संभव असतो आणि सात वर्षांहून जुनी गाडी नियमांच्या बाहेर पडते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे. मात्र स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वाहनाचा मालक ग्राहक ठरतो, ही तरतूद लहान मालकांस उपयुक्त आहे.

नोंदींचे महत्त्व : अपघातानंतर निष्काळजीपणाचा ठपका बहुधा प्रथम चालकावर येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १३६ प्रमाणे अपघातग्रस्त वाहनाची तपासणी अधिकृत अधिकाऱ्याकडून करता येते. परंतु अमरावतीस तपासलेल्या गाडीत व अकोल्यास तपासलेल्या गाडीत एकच भाग एकाच जागी तुटला, हे दोन्ही नोंदी एकत्र पाहिल्याखेरीज कळत नाही. म्हणून तुटलेला भाग भंगारात न घालता जतन करणे, त्यावरील निर्मितीचिन्हे व वाहनाचा चेसिस क्रमांक अहवालात नमूद करणे आणि तक्रार लेखी देणे आवश्यक असते. परत मागविलेल्या समूहात आपली गाडी आहे किंवा नाही, हेही नोंदणीपत्रावरील चेसिस क्रमांकावरूनच ठरते. अशा नोंदींच्या अभावी निर्मितीतील दोष हा चालकाचा दोष म्हणून गणला जातो आणि त्याच समूहातील उरलेली वाहने तो दोष घेऊन धावत राहतात.