शोधणाऱ्याचे काम झाले का?

रविवारी सकाळी आमच्या वस्तीतील काही कार्यकर्ते मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्यास बसतात. मागे एकदा सातपूरच्या कारखान्यात पॅकिंगचे काम करणारी एक भगिनी मुलीला घेऊन आली. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते.

"दादा, पोरीने रात्री बारापर्यंत मोबाईलमध्ये शोधलं. उत्पन्नाच्या दाखल्याला कोणते कागद लागतात, एवढंच पाहिजे होतं. धड काही सापडंना."

मी मोबाईल पाहिला. एकच प्रश्न मुलीने आठ वेळा विचारला होता. कधी मराठीत, कधी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून. समोर आल्या होत्या जुन्या बातम्या आणि जाहिराती.

मी पेशाने कारकून. जमा-नावे लिहिण्यात आयुष्य गेले. मनात आले, शोध-सेवा चालवणाऱ्या कंपनीच्या वहीत हे आठ शोध कोणत्या बाजूला पडले असतील? मुलगी खूश म्हणून आठ वेळा आली, की काम झाले नाही म्हणून?

हा प्रश्न पोकळ नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'बिंग' या शोध-सेवेत एकदा प्रयोग चालू असताना चूक झाली आणि काही लोकांना फार वाईट उत्तरे दिसू लागली. पण आकडे पाहावेत तर माणशी शोध १० टक्क्यांहून जास्त वाढलेले आणि माणशी उत्पन्न ३० टक्क्यांहून जास्त वाढलेले! कारण उघड होते. उत्तर मिळेना म्हणून लोक पुन्हा पुन्हा शोधत होते आणि जाहिरातींवर जास्त बोट लावत होते. त्या कंपनीतील रॉन कोहावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकिकत २०१२ साली निबंधातून जगापुढे मांडली. त्यांनी सांगितलेले माप साधे आहे. एका कामासाठी शोध कमी लागले पाहिजेत, आणि पुढचे काम निघाल्यावर माणूस आपणहून परत आला पाहिजे.

खिडकीपुढे रांग लांब लागली म्हणून कचेरीचा कारभार चांगला, असे आपण म्हणतो का? एका फेरीत काम झाले, तर कारभार चांगला.

समाधान मोजण्याच्या आणखी खुणा आहेत. एखादे पान उघडून माणूस लगेच मागे फिरला, तर बहुधा ते कामाचे नव्हते. तिथे थांबून वाचत राहिला, तर असावे. पण कधी उत्तर समोरच दिसते आणि तो काहीच न उघडता समाधानाने निघून जातो. म्हणून नुसत्या आकड्यांवर भागत नाही, माणसांनाही विचारावे लागते.

आपल्या मराठीची अडचण वेगळीच. 'दाखला' हा शब्द 'दाखल्याला', 'दाखल्यासाठी', 'दाखले' अशी रूपे घेतो. ही सारी एकाच घरची माणसे आहेत हे यंत्राला शिकवावे लागते. त्यासाठी २००८ साली 'फायर' नावाच्या उपक्रमात बंगाली आणि हिंदीबरोबर मराठीचीही परीक्षा झाली. महाराष्ट्र टाइम्स आणि सकाळमधील बातम्यांचा संग्रह आणि ५० प्रश्न तयार केले गेले. भाषा जाणणाऱ्या माणसांनी बातम्या वाचून कोणती कामाची, कोणती बिनकामाची हे ठरवले. त्या कसोटीवर मग शोधाच्या पद्धती तपासता आल्या. यंत्राचे गुण शेवटी माणसानेच दिले.

मोजणी झाली की दुरुस्ती लवकर पोहोचली पाहिजे. पूर्वी सॉफ्टवेअर डबीतून, सीडीवर विकत यायचे. चूक सुधारून नवी आवृत्ती हाती यायला वर्ष लागे. आता लहान बदल आधी थोड्या लोकांना देतात. त्यांचे काम सोपे झाले तर सर्वांना देतात, नाही तर मागे घेतात. पण हे चक्र फिरते ते वापरणाऱ्याच्या अनुभवावर. आपण गप्प बसलो, तर आपली अडचण त्या मोजणीत येणारच कशी?

म्हणून बंधू-भगिनींनो, चुकीचे उत्तर आले तर 'अभिप्राय' लिहिलेल्या जागी दोन ओळी मराठीतच लिहा. पान उघडले की ते कोणाचे आणि कधीचे हे आधी पाहा. दाखल्यासारख्या सेवांसाठी तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे. नाकारली तर कारण लेखी दिले पाहिजे. त्यावर अपील करता येते. अर्जाची पोच मात्र जपून ठेवा.

त्या मुलीला आम्ही कागदांची यादी हाताने लिहून दिली. पुढे मुदत वाढली म्हणून तिचा अर्ज गेला. पण धावपळीत आईचे दोन दिवसांचे रोज बुडाले. कंपनीच्या वहीत आठ शोध लिहिले गेले असतील, हे दोन रोज कुठेच लिहिले गेले नाहीत. ते लिहिले जातील तेव्हाच हिशेबाचा ताळा जमला असे म्हणता येईल.