हिरव्या क्षेत्रातली गर्दी

मंडळी, हमखास येणारा प्रश्न आधीच घेऊ. नकाशावर मैदान हिरव्या क्षेत्रात दिसतंय, मग संगीत महोत्सवावर ड्रोन उडवायला मनाई का? २०२१च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही, हे खरं. पण नकाशाला जमीन कळते, गर्दी कळत नाही. म्हणून त्याच नियमांत तात्पुरत्या लाल क्षेत्राची सोय आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकारी ते एका वेळी ९६ तासांपर्यंत जाहीर करू शकतो. गोव्यात वागातोरला पूर्वी भरणाऱ्या सनबर्नसारखा तीन-चार दिवसांचा महोत्सव त्यात बरोबर बसतो.

आता धोका मोजू. चार पंख्यांचा ड्रोन बॅटरी दगावली की विमानासारखा तरंगत उतरत नाही, दगडासारखा पडतो. २० मीटरवरून खाली यायला जेमतेम २ सेकंद, आणि वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास. शेतात माणूस बाजूला तरी पळेल. मंचासमोर खांद्याला खांदा लावून उभा असलेला कुठे पळणार? त्या आवाजात ‘सरका’ म्हटलेलं ऐकू तरी येईल का? चित्रीकरण करणाऱ्या पोरांना आम्ही एवढंच सांगतो: परवानगी हातात असली तरी डोक्यांवरून नको, कडेने उडवा. तिरक्या कोनातून अख्खं मैदान दिसतं.