हर्पिस स्वतःची कॉपी काढताना किती चुकतो?

आजचा शब्द ऐकून लगेच इअरफोन काढू नका: हर्पिस. नाव घ्यायलाही लोक लाजतात. पण ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणीदार फोड येतात ना, ते बहुतेक वेळा एचएसव्ही-१ या हर्पिस विषाणूचंच काम. कांजिण्या आणि नागीण देणारा विषाणूही याच कुटुंबातला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात एचएसव्ही-१ आहे. म्हणजे लाजायचं कुणी आणि कुणाला?

मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस. त्यामुळे मला पडलेला प्रश्नही माझ्या धंद्यातलाच: हा विषाणू स्वतःची कॉपी काढताना किती चुकतो? कॉपीतली चूक म्हणजे म्युटेशन. आज चालणारं औषध उद्या चालेल का, हे बरंचसं त्यावर ठरतं.

एचएसव्ही-१ च्या डीएनएत सुमारे १ लाख ५२ हजार अक्षरं असतात. ती उतरवून काढणारं पॉलिमरेज नावाचं एन्झाइम विषाणू स्वतःच्याच जनुकावरून बनवून घेतो. हे एन्झाइम लिहिता लिहिता तपासतंही. चुकीचं अक्षर बसलं की ते खोडायचं आणि पुन्हा लिहायचं. आपण बॅकस्पेस मारतो, तसंच. ड्रेक आणि ह्वांग यांनी २००५ साली मांडलेला हिशोब सांगतो, की साधारण ३०० प्रती काढल्या तर एखादी चूक होते. हा बॅकस्पेस बंद केलेले विषाणू प्रयोगशाळेत बनवले, तेव्हा म्युटेशन शेकडो पटींनी वाढली.

फ्लूच्या विषाणूकडे असा बॅकस्पेस नाही. त्याची लस सतत अपडेट करावी लागते, त्यामागचं हे एक मोठं कारण. याउलट कांजिण्यांची लस बघा. जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली तयार केलेला ओका नावाचा कमजोर स्ट्रेन आजही वापरात आहे.

मग अ‍ॅसायक्लोव्हिरला दाद न देणारा हर्पिस येतो कुठून?

हे औषध कामाला लागतं ते विषाणूच्याच थायमिडिन कायनेज, म्हणजे टीके, या एन्झाइममुळे. टीके त्याला चालू करतं, मग ते खोटं अक्षर बनून डीएनएत बसतं आणि पुढची कॉपी तिथेच अडते. आता गंमत अशी, की टीकेच्या जनुकात एका ठिकाणी 'जी' हे अक्षर ओळीने ७ वेळा येतं. अशा जागी पॉलिमरेज मोजणीत घसरतं, ७ चे ६ किंवा ८ होतात. सीएसव्ही फाइलमध्ये एक स्वल्पविराम जास्त पडला की पुढचे सगळे कॉलम सरकतात ना, तसं पुढचं सगळं वाचन बिघडतं. टीके गेलं की औषध चालूच होत नाही. चुका क्वचित होतात हे खरं, पण एका फोडातसुद्धा विषाणूच्या असंख्य प्रती असतात. औषध चालू असताना असा एखादा बिघडलेला विषाणूच तरतो.

पण त्याला किंमत मोजावी लागते. टीके नसलेला विषाणू मज्जातंतूच्या पेशींत झोपला, की पुन्हा जागं होणं त्याला जड जातं. शिवाय निरोगी माणसाची प्रतिकारशक्ती उरलेलं काम करते. म्हणून धडधाकट लोकांत असा विषाणू फारसा पसरत नाही. खरा धोका आहे तो अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना, केमोथेरपी घेणाऱ्यांना, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्यांना. त्यांच्या शरीरात विषाणू आठवडेन् आठवडे कॉपी काढत राहतो, आणि प्रत्येक कॉपी ही चुकीची एक नवी संधी असते.

तुमच्या घरात असं कुणी असेल आणि औषध चालू असूनही फोड बरे होत नसतील, तर मेडिकलमधून तीच क्रीम पुन्हा आणू नका. डॉक्टरांना गाठा. फॉस्कार्नेटसारखं औषध टीकेवर अवलंबून नाही, ते थेट पॉलिमरेजलाच अडवतं. ते कधी आणि कसं द्यायचं, हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

चला, आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात!