हंडा डोक्यावर, बीपी किती?

मे महिन्यात पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात. दोर लांबतो, बादली अर्धीच भरून येते आणि काठावर उभी असलेली बाई हातामागून हात टाकत ती वर ओढते. मग डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, कमरेवर कळशी आणि पुढे घरापर्यंतची चढण. या सगळ्यात तिचा रक्तदाब वाढतो. का वाढतो, असं विचारलं तर उत्तर तयार असतं : मेहनत केली की हृदय जोरात चालतं, म्हणून.

हे उत्तर अर्धंच आहे. काम करणाऱ्या स्नायूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. विश्रांतीत हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंकडे जातो. जबर श्रमात तो 80 टक्क्यांच्या वर पोचतो. इतक्या वाहिन्या एकदम उघडल्या तर दाब खरं म्हणजे कोसळायला हवा आणि चढणीवरच्या बाईला भोवळ यायला हवी. ती येत नाही, हे मज्जासंस्थेचं काम.

त्यातला पहिला हुकूम मेंदूचा. कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी 1913 मध्ये दाखवलं की व्यायाम सुरू होताक्षणीच नाडी वाढते. स्नायूतली रसायनं रक्तातून कुठे पोचण्याइतका वेळही तेव्हा गेलेला नसतो. म्हणजे पायांना ‘चल’ म्हणताना मेंदू त्याच दमात हृदयालाही कळवतो. विश्रांतीत हृदयाला संथ ठेवणारा व्हेगस मज्जातंतू लगेच ढिला पडतो आणि थोड्या वेळाने अनुकंपी मज्जासंस्था कामाला लागते. तिच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन पाझरतं, आतडी आणि मूत्रपिंडांकडच्या वाहिन्या आवळतात आणि तिथलं रक्त पायांकडे वळतं. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आणि त्याचं पाणी मुंबईच्या नळांना, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की शरीरात काम संपलं की ज्याचा वाटा त्याला परत मिळतो.

दुसरा आवाज स्नायूंचा. त्याचा शोध मला या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो, कारण त्याला साधन लागलं ते फक्त बीपीच्या यंत्रातल्यासारखा फुगणारा पट्टा. आलम आणि स्मर्क हे दोन संशोधक तेव्हा कैरोत काम करत होते. माणसाच्या हाता-पायाला पट्टा आवळून त्यांनी रक्ताचा प्रवाह थांबवला आणि त्याच स्नायूंना काम करायला लावलं. दाब चढला. मग काम थांबवलं, पण पट्टा तसाच ठेवला. स्नायू आता स्वस्थ होते, मेंदूचा हुकूमही संपला होता, तरी दाब उतरेना. पट्टा सोडला, रक्त खेळलं आणि दाब खाली आला. श्रमात तयार झालेली रसायनं स्नायूत अडकून पडली होती, आणि तिथले बारीक मज्जातंतू ‘रक्त कमी पडतंय’ ही तक्रार मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाकडे धाडतच राहिले होते. या प्रयोगाचा निबंध 1937 मध्ये प्रसिद्ध झाला.

तिसरी गोष्ट मानेतली. कॅरोटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब जोखणारे संवेदक असतात. एरवी दाब वाढला की ते हृदयाला आवरतात. मग श्रमात का आवरत नाहीत? पूर्वी वाटायचं, ते तेवढ्यापुरते बंद पडतात. तसं नसतं. मेंदू त्यांनी राखायचा आकडाच वर सरकवतो आणि ते त्या वरच्या पातळीभोवती पहिल्यासारखीच राखण करतात.

आता जव्हार-मोखाड्यातले दोन श्रम शेजारी ठेवा. दिवाळीच्या आसपास रात्र रात्र चालणाऱ्या तारपा नाचात पायांचे स्नायू तालात आवळतात आणि सुटतात. प्रत्येक सुटकेत रक्त आत येतं. अशा श्रमात वरचा आकडा चढतो, खालचा जवळपास तिथेच राहतो. (फुंक न तोडता तारपा वाजवणाऱ्याची छाती काय सोसते, तो वेगळा लेख.) कमरेवरची कळशी धरून ठेवलेल्या हाताचं मात्र उलट. स्नायू आवळलेलाच राहतो, आतल्या वाहिन्या दाबल्या जातात आणि कैरोच्या पट्ट्याचं काम स्नायू स्वतःच करतो. मग दोन्ही आकडे चढतात. मुठीच्या कमाल ताकदीच्या 30 टक्के जोराने काही मिनिटं मूठ आवळली, तरी निरोगी माणसाचा खालचा दाब साधारण 16 मिलिमीटर किंवा जास्त वाढतो. त्यात श्वास रोखला तर विचारू नका : 1985 मध्ये कॅनडातल्या मॅकडूगल यांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून मोजलं, तेव्हा पायांनी जड वजन रेटताना सरासरी दाब 320/250 निघाला.

म्हणूनच डोक्यावरचा हंडा हा शहाणपणाचा मार्ग आहे. हाताची पकड वाचते. पण मान आणि पाठ ताठच राहतात, त्यामुळे फायदा अर्धाच. केनियातल्या बायका शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं ओझं डोक्यावर जादा ऊर्जा न खर्चता नेतात, असं 1986 मध्ये दिसलं होतं खरं, पण ते सपाटीवर. जव्हार समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटर उंच. इथे हवा विरळ नाही, दमवते ती चढण.

बीपी आधीच जास्त असलेल्यांमध्ये स्नायूंच्या तक्रारीला मिळणारा प्रतिसाद अवाजवी मोठा असतो, म्हणून हे आकडे आरोग्य उपकेंद्रातही महत्त्वाचे. तिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब तपासायचा सरकारी कार्यक्रम आहे. चढण चढून आलेल्या बाईला लगेच पट्टा बांधला तर आकडा फुगलेला येणार, म्हणून निदान पाच मिनिटं बसवायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. उलटी गफलत कमी जणांना ठाऊक असते. श्रम थांबल्यावर मानेतल्या संवेदकांचा आकडा खाली सरकतो, स्नायूतल्या वाहिन्या मात्र काही काळ रुंदच राहतात, आणि दाब पुढचे काही तास नेहमीपेक्षाही कमी असू शकतो. सकाळभर पाणी भरून दुपारी आलेल्या बाईचा ‘नॉर्मल’ आकडा तिचा रोजचा असेलच असं नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजणं हाच त्यावरचा उपाय, आणि आकड्याशेजारी ‘किती चालून आली’ एवढं लिहिलं तर पुढच्या डॉक्टरला त्याचा अर्थ तरी लागेल.