चालायला जागा

मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतीत पाचव्या मजल्यावरून मी मावशीला खाली उतरवते आहे. लिफ्ट बंद आहे. मावशी कठडा धरून आडव्या पावलाने एकेक पायरी उतरते. तिसऱ्या मजल्यावर जिन्यात दिवा नाही. तिथे ती आधी पायाने पायरी चाचपते, मग भार टाकते.

खाली दोन इमारतींमधल्या बोळात सांडपाणी साचलंय. लोकांनी त्यात विटा टाकून वाट केली आहे. पुढच्या मोकळ्या जागेत टेम्पो आणि रिक्षा उभ्या. बाकडं एकही नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तिच्या कमरेला टेप लावतात. ९८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांना ८० च्या पुढे धोका सुरू होतो, असं त्या सांगतात. मावशीचे हातपाय मात्र काटकुळे. काट्यावर वजन फारसं वाढलेलं दिसत नाही, कारण बसून बसून स्नायू झिजलेत आणि पोटावर चरबी चढली आहे.

"रोज अर्धा तास चालायचं, तळलेलं बंद."

"चालेन की," मावशी म्हणते. "वडाळ्याला होते तेव्हा कुणाला सांगावं लागलं नाही."

खरंच आहे ते. रुळांकडेच्या झोपडीत पाणी नळावरून आणायचं, संडास लांब, आणि पोळ्या लाटायला रोज पायी दादर. ते दिवस चांगले नव्हतेच. घरात नळ आणि संडास हे तिच्या हक्काचं आहे, ते उशिराच मिळालं. पण २२५ चौरस फुटांचं घर देताना म्हातारं माणूस घराबाहेर कुठे फिरेल, याचा विचार कुणी केला नाही. जिथे ती पोळ्या करायची त्या घरच्या बाई तिच्याहून वयाने मोठ्या. त्या अजून शिवाजी पार्कला फेरी मारतात, दमल्या की कट्ट्यावर बसतात. मावशीला आळशी म्हणणाऱ्या तिच्या सुनेला मी हेच सांगत असते.

एरवी मावशी खिडकीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडते. दुकानातला पोरगा त्यात खारी, फरसाण, बिस्किटं टाकतो. पालेभाजी त्या दुकानात नसते. भाजीवाले मोठ्या रस्त्याच्या पलीकडे बसतात.

आज ती मेथी घ्यायची म्हणते, म्हणून आम्ही त्या रस्त्याशी येतो. झेब्रा पट्टे पुसट झालेत, डंपर एकामागून एक धावताहेत. मावशी पाऊल पुढे टाकते, मागे घेते. पुन्हा टाकते, पुन्हा मागे. तिची बोटं माझ्या दंडात रुततात. समोरून टोपलीतली हिरवीगार जुडी दिसते आहे.

"राहू दे गं मेथी," ती म्हणते. "अजून पाच मजले चढायचेत."