टाळी कशासाठीं पडते?

पेणच्या एखाद्या कारखान्यांत एकाच सांच्यांतून निघालेल्या दोन गणेशमूर्ति शेजारीं ठेवून पाहाव्या. सोंड तीच, आसन तेंच; पण डोळ्यांची आखणी करणारा हात बदलला कीं मुद्रा निराळी दिसूं लागते. परकी कथा घेऊन तिच्यावर नवा चित्रपट उभारणें हें बरेंचसें असेंच काम आहे. त्यांतून ती कथा मारामारीची असली, म्हणजे प्रेक्षक टाळ्या पिटतात आणि टीकाकार नाकें मुरडतात, असा आपला सर्वसाधारण समज. 'डोंबिवली फास्ट' या मराठी चित्रपटाच्या बाबतींत मात्र हा समज टिकत नाहीं.

निशिकांत कामत यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००५ सालचा. माधव आपटे हा बँकेंतील सरळमार्गी नोकर. रोज लोकलनें मुंबईस जावें व सायंकाळीं घरीं परतावें, हा त्याचा क्रम. शाळाप्रवेशासाठीं देणगी मागितली जाते, दुकानदार छापील किमतीहून अधिक पैसे घेतो. अशा अन्यायांचा डोंगर होऊन एके दिवशीं हा सौम्य गृहस्थ क्रिकेटची बॅट घेऊन रस्त्यावर उतरतो. संदीप कुलकर्णी यांनीं ही भूमिका केली. रोह्याच्या गाडीनें दिव्यास उतरून पुढची लोकल गांठणाऱ्या पालकांना त्या गर्दीचें वर्णन करून सांगण्याचें कारण नाहीं.

टीकाकारांनीं या कथेचें बीज 'फॉलिंग डाऊन' या १९९३ सालच्या अमेरिकन चित्रपटांत आहे, हें ओळखलें. तेथेंही नायक रहदारींत अडकतो, शीतपेयाच्या किमतीवरून दुकानदाराशीं भांडतो आणि त्याच्याच हातची बेसबॉलची बॅट हिसकावून घेतो. तो दुकानदार कोरियन दाखविल्यामुळें अमेरिकेंतील कोरियन रहिवाशांनीं निषेध केला. लॉस एंजेलिसमधील १९९२ च्या दंगलींत त्यांचीं दुकानें जळालीं होतीं, ती जखम ताजीच होती. शिवाय त्या नायकाची नोकरी सुटलेली, संसार मोडलेला, खुद्द पत्नीलाही त्याचें भय. प्रेक्षकाची सहानुभूति त्यामुळें निर्धास्त राहूं शकत नाहीं. आपट्यांचें तसें नाहीं. त्यांना नोकरी आहे, घर आहे; नियम पाळले जावेत एवढीच त्यांची मागणी. इतकें साम्य असूनही या चित्रपटास उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला, त्याचें कारण मला या फरकांत दिसतें.

दुकानांतील त्या प्रसंगीं मींही टाळी दिली, हें कबूल करतों. परंतु चार पैशांच्या लबाडीला बॅटचा प्रहार ही शिक्षा होय काय? विद्यार्थ्यांनीं हा प्रश्न पालकांना अवश्य विचारावा. टाळी त्या प्रहाराला नसून मनांत वर्षानुवर्षें सांचलेल्या तक्रारीला पडते, असें मला वाटतें. मात्र टाळी वाजवितांना दोहोंतला भेद कोणी करीत नाहीं. ही गोष्ट आजची नव्हे. खाडिलकरांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. कथा महाभारतांतली, सर्वांस पाठ असलेली. तरी प्रेक्षकांना कीचकांत लॉर्ड कर्झन दिसला व द्रौपदींत हिंदभूमि. टाळ्यांचा अर्थ सरकारलाही उमगला आणि १९१० सालीं नाटकावर बंदी आली.

पुढें कामत यांनींच आपली कथा तामिळमध्यें 'एवनो ओरुवन' या नांवानें २००७ सालीं पुन्हा चित्रित केली. माधवन नायक झाले. समीक्षकांनीं वाखाणणी केली. तिकीटबारीवर मोठें यश मात्र मिळालें नाहीं. दिग्दर्शक तोच, कथा तीच. पण मुंबईकराच्या आयुष्यांत लोकलला जें स्थान आहे तें इतर शहरांत नाहीं, हें त्याचें एक कारण असावें.

२०१६ सालीं त्यांनीं एका कोरियन चित्रपटावरून 'रॉकी हँडसम' काढला. स्थळ गोवा, रक्तपात कितीतरी अधिक. मारामारीच्या दृश्यांचें कौतुक झालें, पण अनेक टीकाकारांना कथा निर्जीव वाटली, आणि या खेपेस प्रेक्षकांनींही पाठ फिरविली. त्याचा नायक एकेकाळचा गुप्त हस्तक. त्याच्या शेजारीं उभें राहून गाडींतून प्रवास केल्याची आठवण कोणाला असणार?